बंगळूर ते गडहिंग्लज: परतीच्या एका ॲम्ब्युलन्सचा विमादावा

मी कोल्हापुरात आरोग्यविम्याच्या दाव्यांची कागदपत्रे पाहण्याचे काम करतो. या प्रकरणातील रुग्ण गडहिंग्लजचे एक निवृत्त माध्यमिक शिक्षक आहेत. गावात त्यांना सगळे गुरुजी म्हणतात, म्हणून येथेही तेच संबोधन ठेवले आहे. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत. २०२४ च्या दिवाळीला गुरुजी पत्नीसह बंगळूरला मुलाकडे गेले होते. भाऊबीज होऊन दोन दिवस झाले असताना सकाळी चहाचा कप त्यांच्या डाव्या हातातून निसटला आणि बोलताना तोंड एका बाजूला ओढले गेले. मुलाने वेळ न दवडता जवळच्या खासगी रुग्णालयाची ॲम्ब्युलन्स बोलावली. मेंदूच्या रक्तवाहिनीतील गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन मुदतीत मिळाले, सहा दिवस अतिदक्षता विभागात गेले आणि १८ नोव्हेंबरला, म्हणजे चौदाव्या दिवशी, डिस्चार्ज झाला.

डिस्चार्जच्या दिवशी गुरुजींची अवस्था कशी होती, हे नीट सांगितले पाहिजे, कारण पुढचा सगळा वाद तेथूनच निघाला. जीवाचा धोका टळला होता. शुद्ध पूर्ण होती, बोलणे अडखळत का होईना समजत होते. परंतु डाव्या हातापायात ताकद नव्हती, गिळणे सुरक्षित नसल्यामुळे अन्नासाठी नाकातून राईल्स ट्यूब घातलेली होती, घशात साठणारा कफ दर दोन-तीन तासांनी सक्शनने काढावा लागे आणि आधार देऊन बसवले तरी दहा मिनिटांत मान कलंडत असे. डॉक्टरांच्या मते रुग्णालयातील उपचार संपले होते. आता कित्येक महिने फिजिओथेरपी आणि शुश्रूषा एवढेच उरले होते, आणि ते घरीही होऊ शकत होते. मुलाचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट इतकी अरुंद की स्ट्रेचर आत जाईना. गडहिंग्लजचे घर तळमजल्यावर, दोन भाऊ शेजारी आणि फिजिओथेरपिस्ट हाकेच्या अंतरावर. गुरुजींच्या पत्नीने निक्षून सांगितले की यांना गावीच न्यायचे.

अंतर सुमारे ५७० किलोमीटर. विमानाचा विचार झाला, पण त्या मार्गावरच्या छोट्या विमानात स्ट्रेचरची सोय नाही असे चौकशीअंती कळले. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने घटप्रभ्यापर्यंत आणावे असे एका नातेवाइकाने सुचवले. डब्याच्या बोळातून स्ट्रेचर वळवायचे कसे आणि रात्री कफ अडकला तर काय करायचे, या दोन प्रश्नांनी तो विचार तेथेच थांबला. १०८ ची ॲम्ब्युलन्स मागता येणार नाही हे मुलाला ठाऊक होते, कारण ती सेवा आणीबाणीसाठी आहे, बरा होत असलेला रुग्ण राज्याबाहेरून घरी आणण्यासाठी नाही. उरली खासगी ॲम्ब्युलन्स. त्यातही एका पुरवठादाराने व्हेंटिलेटर असलेल्या गाडीचा भाव सांगितला, तो जवळजवळ दुप्पट होता. आपल्याकडे रस्त्यावरील ॲम्ब्युलन्सचे तांत्रिक मानक एआयएस-१२५ हे आहे आणि त्यात साधी रुग्णवाहतूक, मूलभूत जीवरक्षण आणि प्रगत जीवरक्षण अशा गाड्यांचे वेगवेगळे प्रकार ठरवलेले आहेत. गुरुजींना ऑक्सिजन, सक्शन यंत्र आणि ते वापरता येणारा माणूस हवा होता. व्हेंटिलेटर नको होता. डॉक्टरांना विचारून मुलाने मधल्या प्रकारची गाडी ठरवली आणि निदान तेथे तरी पैसे वाचवले.

रात्री नऊला निघालेली गाडी चित्रदुर्गजवळ आणि धारवाडच्या अलीकडे अशी दोनदा सक्शनसाठी थांबली आणि संकेश्वरमार्गे सकाळी दहाच्या सुमारास दारात पोहोचली. पावती ४६,००० रुपयांची झाली. ती अशी होती: जाऊन-येऊन १,१४० किलोमीटर, दर ३२ रुपये, म्हणजे ३६,४८० रुपये, सोबतचा परिचारक ४,५०० रुपये, ऑक्सिजन सिलिंडर २,००० रुपये, टोल व इतर १,८०० रुपये, सक्शन कॅथेटर, हातमोजे आणि औषधे १,२२० रुपये. गाडी रिकामी परत जाणार म्हणून दोन्ही वेळचे अंतर लावण्याचा रिवाज या धंद्यात सर्रास आहे, त्यामुळे त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नव्हता. टोलची ओळ मात्र माझ्या डोळ्यांत खुपली. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या शुल्क नियमांनुसार ॲम्ब्युलन्सला टोल माफ आहे. मुलाने टोलच्या पावत्या मागितल्यावर पुरवठादाराने फार ओढाताण न करता ते १,८०० रुपये परत केले. या संपूर्ण प्रकरणात सर्वांत सहज सुटलेली रक्कम हीच, आणि तिचा विम्याशी काही संबंध नव्हता.

आता विम्याकडे वळू. कुटुंबाकडे दोन पॉलिसी होत्या. पहिली मुलाच्या कंपनीची समूह पॉलिसी. तिच्यात आईवडील धरून चार लाखांचे संरक्षण होते. दुसरी गुरुजींनी स्वतः २०२० मध्ये घेतलेली पाच लाखांची आरोग्य संजीवनी. ही दुसरी पॉलिसी विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या, आदेशाने १ एप्रिल २०२० पासून सर्व कंपन्यांनी एकाच मसुद्यात विकायला सुरुवात केली, त्यामुळे तिच्या अटी कोणत्याही कंपनीकडे त्याच असतात. रुग्णालयाचे एकूण बिल ५,१२,००० रुपये झाले. त्यातील चार लाख समूह पॉलिसीने कॅशलेस भरले, उरलेल्या रकमेचा दावा संजीवनीकडे गेला आणि खोलीभाड्याची मर्यादा व पाच टक्के सहभाग, म्हणजे विमाधारकाने स्वतः सोसायचा वाटा, वजा जाता बराचसा मंजूरही झाला. येथपर्यंत कोणाची तक्रार नाही.

ॲम्ब्युलन्सची पावती मुलाने दोन्हीकडे पाठवली. समूह पॉलिसीच्या टीपीएचे, म्हणजे कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेचे, उत्तर चार शब्दांचे होते: वाहतूक खर्च देय नाही. संजीवनीच्या कंपनीने थोडे अधिक लिहिले, पण अर्थ तोच: डिस्चार्जनंतर घरी जाण्याचा प्रवास हा उपचार नव्हे आणि डिस्चार्ज समरीनुसार रुग्णास नातेवाइकांच्या विनंतीवरून हलवण्यात आले आहे. हे शेवटचे वाक्य वाचून मुलगा संतापला. तो फाइल घेऊन माझ्याकडे आला तेव्हा बसायच्या आधीच म्हणाला, "काका, माणूस बसू शकत नव्हता. मग त्यांना काय एसटीने आणायचे होते?"

समरी पाहिली. शेवटच्या पानावर खरोखरच तसे छापले होते: नातेवाइकांच्या विनंतीवरून डिस्चार्ज, रुग्ण मूळ गावी हलवत आहेत. निवासी डॉक्टरने हे वाक्य कोणत्याही वाईट हेतूने लिहिलेले नाही. बाहेरगावचा रुग्ण घरी निघाला की असे लिहायची त्यांची पद्धत असते, आणि ते अगदी खोटेही नव्हते, कारण बंगळुरातच राहायचे ठरवले असते तर रुग्णालयाने अडवले नसते. पण विमा कंपनीच्या टेबलावर ते वाक्य वैद्यकीय गरजेच्या विरुद्ध साक्ष देते. बसता येत नाही, सक्शन लागते, म्हणून स्ट्रेचर व प्रशिक्षित परिचारकासह रुग्णवाहिकेनेच हलवणे आवश्यक, असे एक वाक्य त्याच डॉक्टरने त्याच दिवशी, त्याच पानावर लिहिले असते तर कंपनीला उत्तर वेगळे लिहावे लागले असते. मुलाने असे प्रमाणपत्र नंतर मिळवले, पण त्यावर नकाराच्या पत्रानंतरची तारीख होती, आणि तारीख ही गोष्ट दाव्याच्या फाइलमध्ये पहिल्यांदा पाहिली जाते.

मुलाची पहिली भूमिका अशी होती की हा खर्च रुग्णालयोत्तर खर्चात बसतो. संजीवनीत डिस्चार्जनंतर ६० दिवसांपर्यंतचा त्याच आजाराचा वैद्यकीय खर्च मिळतो. प्रवास डिस्चार्जच्या रात्रीच झाला, आजार तोच होता, परिचारक आणि ऑक्सिजन या वैद्यकीय गोष्टी आहेत. युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. म्हणूनच त्याने पुरवठादाराकडून एकरकमी पावतीऐवजी बाबवार पावती मुद्दाम मागून घेतली होती, जेणेकरून निदान वैद्यकीय बाबी तरी वेगळ्या काढता येतील. दुर्दैवाने नेमक्या त्या बाबवार पावतीनेच घात केला. नियामकाने देय नसलेल्या बाबींची जी यादी केली आहे तिच्या पहिल्या भागात ६८ बाबी आहेत, आणि संजीवनीच्या मसुद्याला ती यादी जोडलेली असते. मी ती त्याच्यासमोर ठेवली आणि पेनने खुणा केल्या: वाहतूक खर्च, मदतनीसाचा खर्च, रुग्णालयाबाहेर वापरायचा ऑक्सिजन सिलिंडर, खासगी परिचारिकेचा खर्च, ॲम्ब्युलन्समधील उपकरणे, हातमोजे. औषधांच्या दोन-तीनशे रुपयांखेरीज पावतीतली एकही ओळ शिल्लक राहिली नाही. यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गुरुजींसारखा रुग्ण असेल असे मला वाटत नाही. ती मुख्यतः रुग्णालयांनी बिलात घुसवलेल्या किरकोळ आकारणीला आळा घालण्यासाठी आहे, आणि डायपर व मिनरल वॉटरच्या शेजारी रुग्णालयाबाहेरचा ऑक्सिजन येऊन बसला आहे. तथापि मसुद्याचा अविभाज्य भाग असलेली यादी तक्रार अर्जाने बदलत नाही.

दुसरी सूचना मुलाच्या एका मित्राची होती, आणि ती बऱ्याच ठिकाणी दिली जाते: थेट घरी न आणता कोल्हापूरच्या एखाद्या रुग्णालयात किंवा पुनर्वसन केंद्रात दाखल करायचे होते, म्हणजे रुग्णालयातून रुग्णालयात हलवल्याचे दिसले असते आणि ॲम्ब्युलन्सचे पैसे मिळाले असते. समूह पॉलिसीतील कलमाची भाषा पाहता हे सुचणे स्वाभाविक आहे. ते कलम असे होते की रुग्णालयात नेण्यासाठी, किंवा पुढील उपचारांसाठी एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात हलवण्यासाठी, प्रत्येक रुग्णालयवासाला ५,००० रुपयांपर्यंत खर्च मिळेल. म्हणजे गाडी कोणत्या दिशेला धावते यावर देयता ठरते. पण दुसरे रुग्णालय नुसते असून भागत नाही, तेथील दाखल होणेही देय असावे लागते. सर्व कंपन्यांना समान असलेल्या वगळण्यांमध्ये, म्हणजे विमा ज्यांना लागू होत नाही अशा बाबींमध्ये, सांकेतिक क्रमांक ०५ ची वगळणी विश्रांती, पुनर्वसन आणि शुश्रूषेसाठी दाखल होण्याची आहे. अंघोळ घालणे, कपडे बदलणे यांसारख्या वैयक्तिक काळजीचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. केवळ फिजिओथेरपीसाठी दाखल होणे या वगळणीत अडकण्याची शक्यता दाट होती. शिवाय गरज नसताना केवळ दाव्यासाठी माणसाला दाखल करायचे, याला मी तरी साथ दिली नसती.

यानंतर मी मुलाला एक गोष्ट कागदावर मांडून दाखवली, जी त्याच्या रागाच्या भरात निसटली होती. समजा, समूह पॉलिसीने गाडीची दिशा मान्य केली, तर मिळणार किती? मर्यादा प्रत्येक रुग्णालयवासाला ५,००० रुपयांची होती आणि ५ नोव्हेंबरला घरून रुग्णालयात नेणाऱ्या ॲम्ब्युलन्सचे १,८०० रुपये रुग्णालयाच्या बिलातून आधीच भरले गेले होते. राहिले ३,२००. पण तेही नाहीत, कारण ॲम्ब्युलन्सची मर्यादा विमा रकमेच्या आत असते, तिच्या वर नसते, आणि चार लाखांची विमा रक्कम बिल भरताना पूर्ण संपली होती. मुलाने मग कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडे कॉर्पोरेट बफरची विचारणा केली. हा बफर म्हणजे समूह पॉलिसीत कर्मचाऱ्यांसाठी सामायिक ठेवलेली जादा रक्कम. विभागाने सहानुभूतीने ऐकले, परंतु बफर विमा रक्कम वाढवतो, उपमर्यादा आणि अटी बदलत नाही, त्यामुळे घरी जाण्याच्या प्रवासाला तो लागू होणार नव्हता. समूह पॉलिसीचा नकार चार शब्दांचा आणि उद्धट होता, पण चूक नव्हता. तो मार्ग मी सोडून द्यायला सांगितला.

संजीवनीची गोष्ट निराळी होती. तिच्यातील ॲम्ब्युलन्सचे कलम अगदी त्रोटक आहे: रस्त्यावरील ॲम्ब्युलन्सचा खर्च, प्रत्येक रुग्णालयवासाला कमाल २,००० रुपये. कोठून कोठे, याबद्दल त्यात शब्द नाही. आणीबाणी हा शब्द नाही. डिस्चार्जपूर्वी की नंतर, हेही नाही. पहिल्या ॲम्ब्युलन्सचे पैसे समूह पॉलिसीने दिले असल्यामुळे संजीवनीची ही मर्यादा अजून वापरलीच गेली नव्हती. यादीतील वाहतूक खर्चाची बाब येथे आड येऊ शकत नव्हती, कारण पॉलिसीने एका विशिष्ट कलमाने जे दिले आहे ते सर्वसाधारण यादीने काढून घेता येत नाही. कंपनीने घरी जाण्याचा प्रवास हा उपचार नव्हे असे म्हटले होते. कलम मात्र उपचाराबद्दल बोलतच नाही, ते ॲम्ब्युलन्सबद्दल बोलते. पॉलिसीतील संदिग्ध शब्दांचा अर्थ मसुदा करणाऱ्याच्या, म्हणजे कंपनीच्या, विरुद्ध लावायचा हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा मान्य केले आहे. २००४ च्या पुष्पालय प्रिंटर्स प्रकरणात रस्त्याच्या कामावरील बुलडोझरच्या हादऱ्यांनी छापखान्याचे नुकसान झाले होते, आणि प्रत्यक्ष धडक बसली नसली तरी पॉलिसीतील आघात या शब्दात हादरे येतात, असे न्यायालयाने विमाधारकाच्या बाजूने ठरवले. शब्द स्पष्ट असतील तर न्यायालय करार नव्याने लिहीत नाही, ही त्याच तत्त्वाची दुसरी बाजू. समूह पॉलिसीत आम्ही तिच्याशीच अडलो होतो.

तक्रार अर्ज मी मुद्दाम एका पानाचा ठेवला. ४६,००० रुपये मागितले नाहीत, २,००० मागितले. अपमानाची भाषा, वडिलांचे वय, शिक्षक म्हणून केलेली सेवा, हे सगळे मुलाच्या मसुद्यातून काढून टाकले. नियामकाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा नाकारण्यापूर्वी तो कंपनीच्या दावा पुनरावलोकन समितीपुढे जायला हवा आणि नाकारताना पॉलिसीच्या नेमक्या अटीचा उल्लेख करायला हवा. पत्रात अशी अट नमूद नव्हती, एवढेच नम्रपणे विचारले. अर्ज तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवला. एक महिन्यात उत्तर न आल्यास, किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास, एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते, आणि कोल्हापूर जिल्ह्यासाठी ते कार्यालय पुण्यात आहे, हेही मुलाला सांगून ठेवले. लोकपालाची रकमेची कमाल मर्यादा ५० लाख रुपये आहे. आमची मागणी तिच्यापुढे दिसलीही नसती. तेराव्या दिवशी कंपनीचे उत्तर आले: ॲम्ब्युलन्स कलमाखाली २,००० रुपये ग्राह्य, पाच टक्के सहभाग वजा, देय १,९०० रुपये.

या टप्प्यावर मुलाने एक प्रश्न विचारला. त्याचे सासू-सासरे आदल्या वर्षी युरोपला सहलीला गेले होते. त्यांच्या प्रवास विम्यात, आजारी पडल्यास भारतात परत आणण्याचा खर्च लिहिलेला होता, आणि हप्ता काही हजारांचा होता. मग आपल्याच देशात शेजारच्या राज्यातून घरी यायला विमा का नाही? प्रश्न रास्त आहे. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा सक्तीचा आहे आणि वैद्यकीय कारणाने मायदेशी परत पाठवण्याचा खर्च त्यात असावाच लागतो. मात्र यामागे औदार्य शोधू नये. परदेशी रुग्णालयातील दर दिवसाचे बिल विमा कंपनीच भरत असते. रुग्ण प्रवासाला योग्य झाला की त्याला लवकर घरी पोहोचवणे तिच्या फायद्याचे असते, म्हणून ती स्ट्रेचरसाठी विमानातल्या आसनांचे भाडेही भरते. तेथेही प्रवास कसा करायचा हे कंपनीने नेमलेली सहाय्यसंस्था ठरवते आणि आधी मंजुरी न घेता नातेवाइकांनी केलेला खर्च सहसा मिळत नाही. आपल्याकडच्या आरोग्यविम्यात डिस्चार्ज झाला की कंपनीचा मीटर थांबतो. त्यानंतर रुग्ण बंगळुरात राहिला काय किंवा गडहिंग्लजला गेला काय, तिच्या हिशेबात फरक पडत नाही, त्यामुळे तो प्रवास विकत घेण्याचे तिला कारण नसते. महागड्या पॉलिसींमध्ये ॲम्ब्युलन्सची रक्कम जास्त असते, हवाई ॲम्ब्युलन्ससाठी काही लाखांची तरतूदही असते. परंतु त्यांच्या अटी वाचल्या तर बहुतेक ठिकाणी घटनास्थळापासून जवळच्या योग्य रुग्णालयापर्यंत अशीच भाषा सापडते, आणि काहींत घरी परतण्याचा प्रवास स्पष्ट शब्दांत वगळलेला असतो.

मुलाने हे शांतपणे ऐकून घेतले. पटले असे तो म्हणाला नाही. टोलचे १,८०० परत मिळाल्यावर खर्च ४४,२०० रुपये झाला होता. त्यातून १,९०० वजा जाता ४२,३०० रुपये त्याच्या खिशातून गेले.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गुरुजींच्या श्वासनलिकेत अन्न जाऊन न्यूमोनिया झाला. गडहिंग्लजहून कोल्हापूरच्या रुग्णालयापर्यंत सत्तरेक किलोमीटर, गाडी साधी, सोबत प्रशिक्षित परिचारक नाही, कागद म्हणून चालकाच्या सहीची हाताने लिहिलेली ३,५०० रुपयांची पावती. ती मुलाने संजीवनीच्या दाव्याला जोडून पाठवली आणि कंपनीने कोणताही प्रश्न न विचारता मंजूर केली. देय रक्कम १,९०० रुपये.